नातं खरं असल्याचे कागद

माझी वहिनी एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. लोकांचे कपडे आल्टर करून द्यायचं काम ती घरीच, बाहेरच्या खोलीत करते. ते तरी बसून करायचं काम ना? पण एक शिलाई मारली की उठली, खिडकीपाशी गेली, फोन बघितला, परत मशीनवर. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि पायाला भिंगरी. मी तिला म्हणायचे, "वहिनी, एवढं सरळ रेषेत चालली असतीस तर एव्हाना दादाकडे पोचली असतीस." टाचण्यांमुळे उत्तर देता यायचं नाही, म्हणून नुसते डोळे वटारायची.

दादा परदेशात बस डेपोत मेकॅनिक आहे. लग्नानंतर बेचाळीस दिवसांनी गेला, "सहा महिन्यांत बोलावतो" म्हणाला. त्याला आता चार वर्षं झाली. घरात आई, वहिनी आणि मी.

व्हिसाची कामं करणाऱ्या एजंटकडे मीच तिला घेऊन गेले. त्याने तीन फायली टेबलावर मांडल्या, दुकानदार कापडं टाकतो तशा. विद्यार्थी म्हणून जायचं तर भाषेची परीक्षा, शिवाय चौतिसाव्या वर्षी एकदम शिकावंसं का वाटलं यावर निबंध. कामगार म्हणून जायचं तर कपड्यांच्या कारखान्यात जागा होती, पण तो कारखाना दादाच्या शहरापासून रेल्वेने नऊ तासांवर आणि तीन वर्षं नोकरी सोडायची नाही. तिसरी फाइल कुटुंबाची. नवरा बोलावणार, आपण फक्त लग्न खरं आहे एवढं दाखवायचं.

"मग हेच सोपं," वहिनी म्हणाली. "लग्न तर झालंय."

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! अर्ज नामंजूर होऊन आला. कारण एका ओळीचं: नातं खरं असल्याचा पुरेसा पुरावा नाही. लग्नाच्या फोटोंत दोघं हातभर अंतर ठेवून उभे, चेहरे पासपोर्टच्या फोटोसारखे. आणि पुरावा म्हणून चार वर्षांचे मेसेज छापून जोडले होते, दीडशे पानं. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "हो." पान उलटा, पुन्हा तेच. मला त्या परक्या ऑफिसचा संताप आला, पण खोटं कशाला बोलू, हसूही आलं. गोड बोलायची वेळ आली की आमच्या दादाची दातखीळ बसते, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

"पुन्हा अर्ज करू," एजंट म्हणाला. "पण या वेळी नकार आला तर पाच वर्षं कुठल्याच प्रकारात अर्ज करता येणार नाही. तोवर जरा गोडीगुलाबीचे मेसेज टाका."

दोन दिवस घरभर येरझारा घालून वहिनीने एक मेसेज लिहिला: "तुमची फार आठवण येते." पाठवल्या पाठवल्या दादाचा फोन.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत."

"मग असं का लिहिलंस?"

"एजंटने सांगितलं म्हणून."

"अस्सं. जेवलीस?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

या खेपेला मुलाखतीचं पत्र आलं. दुभाषी म्हणून घरचं माणूस चालेल असं त्यात होतं. मी शाळेत तिथलीच भाषा शिकवते, वहिनी मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणते, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडलं. त्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड केला. "नाही म्हणाले तर पाच वर्षांनी मी एकोणचाळीसची," असं दिवसातून दहादा म्हणायची आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची. तिची ती घालमेल मला बघवत नव्हती.

मुलाखतीची खोली लहान. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई, पुढे आमचा दीडशे पानांचा गठ्ठा, त्याला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. वहिनीने आधी विचारलं, उभं राहिलं तर चालेल का. बाई चालेल म्हणाल्या. नवऱ्याची कामाची पाळी कोणती, त्यांच्या खोलीत अजून कोण राहतं, सगळं तिने धडाधड सांगितलं.

"नवरा तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?"

"'ऐकलंस का' म्हणतात."

मी ते शब्दशः सांगितलं, तर बाई काय ऐकायचंय म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. समजावता समजावता मला घाम फुटला.

मग बाईंनी एक पान काढलं. "या दिवशी त्यांनी अकरा वेळा 'जेवलीस का' विचारलंय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. भांडण झालं होतं?"

वहिनी चालता चालता थांबली. तिने बाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, हे घरी आईंना सांगायचं नाही." मग म्हणाली, "भांडण नव्हतं. मला तिसरा महिना होता, तो त्या दिवशी गेला. दवाखान्यात एकटीच गेले, एकटीच आले. फोनवर फक्त त्यांना सांगितलं. त्यांना तेवढंच विचारता येतं."

दादाला जाऊन तेव्हा महिना झाला होता. मी घरातच होते, पलीकडच्या खोलीत, पेपर तपासत. रोज चाळीस मुलांकडून भाषांतर करून घेणारी मी, मला ते एक वाक्य सांगता येईना. बाई वाट बघत होत्या. शेवटी कसंबसं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. हळूच विचारलं, "त्याचा काही कागद आहे?"

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, कागद मागतायत. काही द्यायची गरज नाही," मी म्हणाले.

"आहे," वहिनी म्हणाली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला. एजंटने घरातला एकूण एक कागद मागितला होता, तेव्हा तिने हा दिला नव्हता. बाई तो घेऊन झेरॉक्स काढायला गेल्या.

व्हिसा एकोणीस दिवसांत आला. आईला आनंद मावेना.

"एजंट हुशार हो," ती म्हणाली. "कुठले कुठले कागद शोधून लावले त्याने."

"हो," वहिनी म्हणाली.

मग मीही हो म्हणाले.