फार्महाऊसमधले आमचे रविवार

एकाच जागी दर रविवारी जाऊन बसलं की किस्से आपोआप जमतात. माझी जागा म्हणजे इथे परदेशात, आमच्या टार्निट उपनगराच्या पलीकडचं एक फार्महाऊस. इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्याने आपल्या गावच्या आठवणीने बांधलेलं हे काळ्या दगडाचं घर आता हेरिटेज आहे. खिळा ठोकायलाही परवानगी लागते. मी तिथे व्हॉलंटियर गाइड आणि रिटायर्ड टीचर मार्गारेट आमची प्रमुख.

पहिल्याच महिन्यात शेजारच्या नव्या घरांच्या इस्टेटमधलं एक मराठी जोडपं आलं. त्यांना ते डिस्प्ले होम, म्हणजे बिल्डरचं नमुन्याचं घर वाटलं. मी भिंतींची जाडी, तुळया, उतरतं छप्पर, सगळं मन लावून सांगितलं. नवऱ्याने विचारलं, बाथरूम किती? मी म्हटलं, एकही नाही, टॉयलेट अंगणापलीकडे. बायको जरा विचार करून त्याला म्हणाली, "पण किचन आग्नेयेला आहे हं."

मग नांदेडहून आई-बाबा आले. स्वयंपाकघराचं दार इतकं बुटकं की तपासणीला आलेला उंच आर्किटेक्ट डोकं धरून खालीच बसला. त्याच्यामागून आई ताठ मानेने आत गेली. म्हणाली, "माझ्या मापाचं घर बांधलं बाबा कुणीतरी!"

बाबा जन्मभर गवंडी. त्या स्वयंपाकघराची भिंत फुगत होती, दगडाचे पापुद्रे निघत होते, आणि खोली कायमची बंद करावी लागणार म्हणून मार्गारेट रडकुंडीला आली होती. बाबांनी सांध्यावर नख फिरवलं. "दगड चांगला आहे. मधे कुणीतरी सिमेंट भरलंय, त्यामुळे ओल आत कोंडली." आर्किटेक्टने खरवडून पाहिलं, तेच निघालं. सिमेंट काढून चुना भरला आणि खोली वाचली. तेव्हापासून मार्गारेट त्यांना 'मिस्टर बाबा' म्हणते.

त्याच खोलीत चुलीशेजारी एक कोनाडा आहे. तो दिव्यासाठी असं आमच्या पाटीवर लिहिलं होतं. बाबा म्हणाले, दिव्याचा असता तर वर काजळी दिसली असती. हा मिठाचा, चुलीच्या उबेला मीठ कोरडं राहतं. मार्गारेटला ते पटेना. पुरावा काय, म्हणाली.

पुढच्या रविवारी नव्वदीच्या डोरोथीबाई व्हीलचेअरवरून आल्या. त्यांचा जन्म याच घरातला. पाटी लिहिताना त्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या सरळ कोनाड्यापाशी गेल्या, आतल्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि लहानपणीच्या सवयीने ते जिभेला लावलं.