बंद लाइनीतला करंट

तानाजी खांबावरून पडला तेव्हा लाइन बंद होती. सबस्टेशनातून तसा निरोप घेऊनच तो वर चढला होता. तरी अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात लागला आणि कुंडलच्या रेश्माचा नवरा जागीच गेला. कंत्राटी वायरमन होता तो. साहेबलोक म्हणाले, तारा जमिनीला न जोडताच चढला, त्याचीच चूक. गाव म्हणालं, नशीब. पण बंद तारेत करंट आला कुठून, हे रेश्माला कुणी धड सांगेना.

वर्षश्राद्ध झालं आणि लेक अपेक्षाला घेऊन ती माहेरी, उंब्रजला आली. हायवेलगत आप्पासो मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली तिथं नव्यानं भरत. रेश्मा तिथं कामाला लागली तेव्हा आई रडली.

"ज्या विजेनं नवरा नेला तिचंच काम करतीस व्हय गं?"

"मला ती वळखायची हाय," रेश्मा म्हणाली.

एका दुपारी तार गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "आवं आप्पा, ह्या दोन कॉइलींच्या मधी कागद हाय. कुठंच जोड न्हाई. मग करंट पल्याड जातो कसा?"

"करंट जातच न्हाई, चुंबक जातं," आप्पासो म्हणाले. "आपला करंट एका दिशेनं वाहत न्हाई, पोरी. सेकंदाला पन्नास येळा पुढंमागं हेलकावतो. त्याच्यासंगं हा पत्र्यांचा गाभा चुंबक बनतो, विझतो, उलटा बनतो. चुंबक असं हालतं म्हनून दुसऱ्या कॉइलीत करंट उठतो. बॅटरीचा करंट दिऊन बघ, चुंबक जागच्या जागी राहतं, पल्याड काय न्हाई. आनि ज्या कॉइलीत तारेचे येढे कमी, तिकडं दाब, म्हंजी व्होल्ट कमी. म्हनून अकरा हजाराचं घरात दोनशेतीस हुतं."

रेश्माचा हात थांबला. "आनि घराच्या बाजूनं करंट दिला तर?"

"मग दोनशेतीसचं वर अकरा हजार. ट्रान्सफॉर्मरला पुढचं-मागचं कळत न्हाई. म्हनून जनरेटर लावताना घराचा मेन स्विच पाडायचा असतो. न्हाईतर बंद लाइनीवर चढलेला मानूस..."

तिच्या चेहऱ्याकडं बघून आप्पासोंनी तिच्या हातातली तार काढून घेतली.

तिला तो दिवस आठवत होता. सासरे ज्ञानूअण्णा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. "लाइन बंद करतोय, अण्णांसाठी जनरेटर लावा," असा फोन तानाजीनंच केला होता. तो निरोप धाकट्या दिराला, जयराजला, तिनंच सांगितला होता. जयराजनं जनरेटर सुरू केला आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरातल्या सॉकेटात खुपसली. मेन कुणीच पाडला नव्हता. मळ्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर त्यांचं एकच घर होतं, त्यामुळं जनरेटरचा सगळा करंट उलटा तानाजीच्या लाइनीवर चढला होता.

पुढं कितीतरी दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी एक चेंजओव्हर स्विच घेऊन ती कुंडलला गेली. जयराज अंगणात वैरण तोडत होता.

"भावजी, ह्यो बसवून घ्या. एक तर लाइन, न्हाईतर जनरेटर. दोन्ही एकमेकाला भेटत न्हाईत."

एवढंच सांगून परतायचं, असं ती ठरवून आली होती. जयराजनं स्विच हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

"वहिनी, त्या दिशी मी मेन पाडला न्हवता."

"मला बी ठाव न्हवतं. जनरेटर लावा म्हनून सांगाया मीच आले हुते की."

"दादाला मी मारला."

"आसं म्हनू नगा." आत मशीनची घरघर चालू होती. ती आवाज खाली आणून म्हणाली, "अण्णांस्नी हे कळू द्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी जयराजनं आपण होऊन वीज कंपनीच्या हापिसात जबाब दिला. तानाजीच्या एकट्याच्या माथी मारलेली चूक त्यामुळं पुसली गेली. पण जयराज त्यानंतर माणसांत बसेनासा झाला.

थंडीत अण्णा गेले. तेराव्याला पंगती उठल्या तरी जयराज गोठ्यातच बसून होता. रेश्मानं ताट वाढलं आणि अपेक्षाच्या हाती पाठवून दिलं. दारातून ती बघत राहिली. त्यानं पोरीला मांडीवर घेतलं, एकेक घास तिलाच भरवला. स्वतः काही तो जेवला नाही.