गंधकाचं झाकण

गुरुवार, सकाळची मीटिंग, शारजा. हजर: आमचे सर, कंपनीचे डायरेक्टर, माल घेणारं गिऱ्हाईक आणि मी.

विषय होता मी प्रयोगशाळेत बसवलेली रीत. पडद्यावर मात्र एकट्या सरांचं नाव. ते मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं आणि ठरवलं, यांना सोडायचं नाही.

रीत अशी. आमच्या रेणूला दोन नाजूक जागा. काम एकीवर करायचं, तोवर दुसरी झाकून ठेवायची. झाकणासाठी मी गंधकाचं संयुग निवडलं. ते नेमकं हव्या त्या जागी बसतं, पुढच्या कडक आम्लात टिकतं आणि काम झालं की काढता येतं. दोष एकच, वास. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम देतात तसला. भांडी ब्लीचमध्ये बुडवली तरी केसांत राहायचाच. घरी, अल नहदाला, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारीण विचारायची, "गॅस लीक है क्या?" मुलगी दारातूनच ओरडायची, "मम्मा, शॉवर फर्स्ट!" सर त्या खोलीकडे कधी फिरकलेही नाहीत.

गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. "ये बदबूवाला क्यों? ग्लायकॉल से नहीं होगा?"

ग्लायकॉलच्या झाकणाला वास नसतो, पण ते त्या आम्लात टिकत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडून सावकाश प्यायले.

"क्यों नहीं, हबीबी! ज़रूर होगा," सर म्हणाले.

मी डायरेक्टरांकडे वळले. "सर खुद करके दिखाएँगे. प्रोसेस उन्हीं की है."

प्रयोगशाळेत येऊन त्यांना करावंच लागलं. आम्ल पडलं, झाकण सुटलं आणि फ्लास्कमध्ये काळं डांबर उरलं. मी दारात उभी राहून सगळं पाहिलं. फार बरं वाटलं, आणि तसं तोंडावर दिसूही दिलं.

"मॅडम, अहो, तुम्हाला माहीत होतं!"

"तुम्हालाही असणारच. रीत तुमची ना?"

"आता गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"आधी डायरेक्टरांना मेल करा. रीत कोणाची ते लिहा. मग मी माल करून देते."

"इन्शाल्ला, दुपारी..."

"इन्शाल्ला नाही, सर. यल्ला, आत्ताच. मी बसलेय इथे."

त्यांनी 'मॅडमच्या मदतीने' असं लिहिलं. मी ते खोडून 'रीत मॅडमचीच' असं लिहायला लावलं आणि पुन्हा मोठ्याने वाचून घेतलं. मेल गेल्यावरच हातमोजे चढवले. गंधकाच्या झाकणाने माल झाला, गिऱ्हाइकाने पासही केला.

तेवढ्यावर माझं भागलेलं नाही. आमच्याकडे नियम आहे, ज्याने भांडं खराब केलं त्यानेच घासायचं. सरांच्या फ्लास्कला कोणी हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना बजावलंय. रोज सकाळी चारचौघांत विचारते, "सर, फ्लास्क?" ते म्हणतात, "आज करतो." डांबर आता दगडासारखं घट्ट झालंय. घासायचं अजून बाकी आहे.