झोक्याची टेस्टिंग

ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे बिबड्यांचा, शिजवलेला निम्मा घाटा अजून पातेल्यातच होता. गच्चीवर जुनी साडी ओली करून पसरलेली, शेजारी पाण्याचं तसराळं. हात बुडवून मी चौथी ओळ थापत होते, तेवढ्यात खालून ड्रिल मशीनचा आवाज आला. माझा हात तिथेच थांबला. आमच्या घरात हा आवाज जवळजवळ वर्षाने येत होता.

तशीच भरल्या हाताने जिना उतरले. ओसरीत ह्यांनी एक सागाची फळी दोन विटांवर ठेवली होती आणि तिला भोकं पाडत होते. आमची आठ वर्षांची हर्षाली फळीच्या दुसऱ्या टोकावर ऐटीत बसली होती.

"हलू नको."

"मी नाही हलत, पप्पा. तुमची फळीच हलते."

देवघराकडे वळून मुक्ताईला हात जोडले. हाताला घाटा लागलेला होता, पण तिला चालतं.

ह्यांचं नाव ललित. फैजपूरच्या आसपास केळीच्या मळ्यांना ठिबक बसवून देतात. लग्नानंतर मला पहिल्यांदा कळलं ते हे, की या माणसाच्या हातात पाइपाचा तुकडा आला की त्याची काहीतरी वस्तू होणार. मळ्यातून उरलेले तुकडे घरी येत. त्यातून चपलांची मांडणी झाली, हर्षालीच्या दप्तराला खुंट्या झाल्या, तिच्या उंचीला पुरेल असा हात धुवायचा एक नळ झाला. सगळ्यात लाडकी वस्तू माझ्या तुळशीची. मी माहेरी गेले की तुळस सुकायची आणि मी यायच्या आधी हे घाबरून दुसरी आणून लावायचे. मला वाटायचं, माहेराहून आले की तुळस लहान कशी दिसते! एकदा सासूबाईंनीच बिंग फोडलं. मग ह्यांनी टाकीपासून एक बारीक नळी काढून वृंदावनाच्या कडेला ड्रिपर बसवला. आता मी आठ दिवस जाऊन आले तरी तुळस टवटवीत असते. बाई माहेरी गेल्यावर तिच्या तुळशीची काळजी करणारा नवरा मिळाला, याबद्दल मी देवाला रोज वेगळं काय सांगू?

गेल्या वर्षी अखाजीला ह्यांनी ओसरीत झोका बांधला होता. आमच्याकडे अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, दिवसभर मुलींचा कलकलाट. आमच्या नव्या गल्लीत झाड नाही, म्हणून ओसरीच्या भिंतींमध्ये आडवा पाइप टाकून त्याला झोका. तो पाइप भिंतीला धरला होता पाण्याचे नळ धरायच्या क्लॅम्पनी. पाण्याच्या पाइपाचं वजन ते क्लॅम्प वर्षानुवर्षं धरतात. मुलगी झोका घेते तेव्हा ओढ वेगळीच पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाजूचे स्क्रू प्लास्टरसकट बाहेर आले आणि हर्षाली डाव्या हातावर पडली. मनगटाजवळ हाड मोडलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. मी रोज लिहिते त्या वहीत त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे, "हर्षालीचा हात."

हाड सरळ जुळलं. त्यासाठी मी मुक्ताईनगरला जाऊन आले, ओटी भरून आले. पण ह्यांचं काही जुळलं नाही. हत्यारांची पेटी दिवाणाखाली सरकवली ती सरकवलीच. मळ्यातलं काम तसंच चालू होतं. घरात मात्र खिळा ठोकायचा म्हटलं तरी म्हणत, "बघू नंतर." मोरीतला नळ गळायला लागला तर ह्यांनी प्लंबर बोलावला. पलीकडच्या सुनंदाबाई दारातूनच म्हणाल्या,

"काय व पुनम, गावभरच्या नळ्या जोडनारा मानूस घरात, अन् तू नळाले प्लंबर बोलावते?"

मी हसण्यावारी नेलं. हे आत होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

हर्षालीही झोक्याचं नाव काढत नसे. शाळेतल्या झोक्यावरही बसत नाही असं बाई म्हणाल्या होत्या. बापलेकीत भांडण नव्हतं. ती त्यांच्या गळ्यात पडे, पाढे म्हणून दाखवी. पण ह्यांनी उचलून कठड्यावर बसवायला हात पुढे केले की ती म्हणे, "मी चढते माझी माझी." हे मला दिसत होतं, त्यांना तर दिसतच असणार.

यंदा अखाजी जवळ आली तशी नणंदबाईंचा, ज्योत्स्नाताईंचा, धुळ्याहून फोन आला. स्पीकरवर होता.

"दादा, झोका बांधला ना?"

"यंदा राहू दे."

"मग मी येऊन करू काय? वहिनीच्या बिबड्या राखू? त्यापेक्षा धुळ्यातच पाय पसरून झोपते!"

हे नुसते हसल्यासारखं करून उठून गेले.

काल शाळेला सुट्टी म्हणून हर्षाली त्यांच्याबरोबर मळ्यात गेली. नवीन लागवडीची लाइन टाकून झाली होती, चर उघडेच होते. ह्यांची कामाची एक पद्धत आहे. शेतकरी कितीही घाई करो, मोटर चालू करून पूर्ण लाइनीत पाणी फिरल्याशिवाय आणि अर्धा तास प्रेशर टिकल्याशिवाय हे चरावर माती लोटू देत नाहीत. त्याला टेस्टिंग म्हणतात. काल पाणी सोडल्यावर एका जोडातून फवारा उडाला, हर्षाली भिजली आणि खूश झाली. जोड पुन्हा केला, पुन्हा मोटर चालू. ती चराच्या काठावर बसून विचारत होती, ते हे घरी आल्यावर मला सांगत होते.

"आधीच माती लोटली असती तर?"

"गळतं कुठे ते कळलं नसतं. पीक वाळल्यावर कळलं असतं."

मग ती म्हणाली, "पप्पा, माझ्या झोक्याची टेस्टिंग केली होती?"

हे मला म्हणाले, "पुनम, मी तिला काय सांगणार? नाही म्हणालो. केली नव्हती बेटा, म्हणालो. घाई केली, चुकलं माझं."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, या वेळी करू."

मी त्यांना ताट वाढत होते. वाढता वाढता पदर डोळ्याला लावला तर म्हणाले, "कांदा चिरला का?" कांदा चिरला नव्हता.

तर आज सकाळी हे चाललं होतं. भिंतीच्या भानगडीत न पडता ह्यांनी ओसरीवरच्या पत्र्याचा लोखंडी गर्डर धरला. त्याला साखळी दुहेरी गुंडाळली, साखळीला दोर, दोराला फळी. मग गोठ्यातून खताच्या दोन गोण्या आणून फळीवर ठेवल्या. म्हणजे जवळजवळ क्विंटलभर. हर्षालीने फळी जिथे लोंबत होती त्या उंचीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि घड्याळ घेऊन बसली.

मी वर जाऊन उरलेला घाटा थापायला घेतला. तो आता घट्ट झाला होता, शेवटच्या बिबड्या जाड आल्या. त्या तळून घरातच संपवू.

तासाने खालून ओरडा आला, "नापास!"

फळी रेघेच्या दोन बोटं खाली आली होती. हे म्हणाले, "नवा दोर आहे, ताणतोच थोडा."

"पाणी गळलं तर तुम्ही शेतकऱ्याला असं सांगता का?"

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या एवढ्या हसल्या की लसणाची टरफलं उडाली. "ललित, तुले ही पोरगीच पाह्यजे होती," म्हणाल्या. ह्यांनी वाद घातला नाही. गोण्या उतरवल्या, दोर वर ओढून पुन्हा गाठी मारल्या, पुन्हा गोण्या चढवल्या. आणखी एक तास. सगळ्यांनी ओसरीतच जेवण उरकलं, पिठलं आणि भाकरी, डोळे त्या रेघेवर. या वेळी फळी केसभरही खाली आली नाही.

गोण्या काढल्या. हर्षाली फळीकडे पाहत उभी राहिली. हात मागे बांधलेले. हे तिच्याकडे पाहत नव्हते, मुद्दाम दोराचा उरलेला तुकडा गुंडाळत होते.

"सरका व," सासूबाई उठल्या. "मले बसू द्या पहिले. मी पडली त घरातलं काय अडनार हाये?"

"आजी, तुझं वजन गोणीपेक्षा जास्त आहे!"

"म्हनूनच त बसते."

नऊवारीचा काष्टा सावरून त्या बसल्या, दोन झोके घेतले आणि डोळे मिटून लहानपणीचं एक अखाजीचं गाणं अर्धंच म्हटलं. पुढचं आठवेना. मग उतरून मला बसवलं. मीही घेतले. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

मग हर्षाली बसली. आधी दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. दोर घट्ट धरलेला. हे तिच्या समोरच्या फरशीवर मांडी घालून बसले, हात थोडे पुढे, पडली तर झेलायला. ढकललं नाही. तिने पायाच्या बोटांनी जरासं मागे रेटलं, सोडलं. पुन्हा रेटलं. फळी पुढे आली, मागे गेली. ती वर गर्डरकडे पाहत होती, मग भिंतीवरच्या रेघेकडे, मग ह्यांच्याकडे.

"पप्पा, सरका ना. माझे पाय लागतील तुम्हाला."

हे सरकले. भिंतीला टेकून बसले आणि तळहाताने तोंड पुसलं. उन्हाचा घाम, असं म्हणाले असते, पण कुणी विचारलंच नाही.

मी आत येऊन दिवा लावला. दुपारी दिवा लावायची वेळ नव्हे, पण लावला. मागण्यासारखं काही आठवेना, म्हणून नुसतं "तुझे उपकार" म्हटलं आणि थोडा वेळ बसले. बाहेर झोक्याची साखळी करकरत होती. तेल लागेल तिला, ह्यांनाही ते ऐकू गेलं असणार.

आता चार वाजलेत. अखाजी परवावर आली. हर्षाली झोक्यावरून उतरायला तयार नाही, तेव्हा मी एकटीच कुंभाराकडे सणाच्या पूजेची घागर आणायला जाते.