पित्तावर म्हशीचं दूध

आमच्या लालबागला पित्ताशिवाय पान हलत नाही. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. सासू कडाडली, तिचं पित्त खवळलं. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, लिफ्ट आली, आता त्या लिफ्टमध्येही फुकट वैद्यकी चालू असते.

त्यामुळे आईच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायला लागली तेव्हा कुणालाच कोडं पडलं नाही. मी सासरहून, दादरहून, रविवारी गेले की मटण व्हायचं आणि ताटं उचलतोय तोच आई पोट धरून वाकायची. लगेच बाबा उठायचे. होय, आमचे बाबा! ज्यांना चहात साखर ढवळायलाही माणूस लागायचा, ते फ्रिजमधून म्हशीचं गार दूध काढायचे, पेला आईच्या हातात द्यायचे, वर चमचाभर तूपही चाटवायचे. शेजारीण म्हणायची, "नशीब काढलंस हो!" आई घामाघूम होऊन पेला संपवायची. कळ वाढली की बाबा आणखी अर्धा पेला भरायचे.

एका रविवारी तिला ओकाऱ्याच लागल्या. आता मात्र मी घाबरले. दुसऱ्या दिवशी परळच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघांनाही घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बारीक खडे.

"तेलकट ताटावर साबण जे करतो, ते पोटात पित्ताम्लं करतात," बाई समजावत होत्या. "यकृत ती बनवतं, पित्ताशयात साठवतं. काम झालं की आतडं त्यातली बहुतेक परतही पाठवतं." एवढी काटकसर आमच्या सोसायटीच्या कमिटीला जमली असती तर! "तूप, मलईचं दूध पोटात गेलं की ही पिशवी पिळली जाते. आणि पिशवीत तर खडे."

बाबा छताकडे बघत होते.

बाईंनी गोळी लिहून दिली. तीही पित्ताम्लाचीच, महिनोन् महिने जेवणाबरोबर घ्यायची. खडे विरघळले तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन म्हटल्यावर आईने माझा हात घट्ट धरला.

"आधीच हिला अ‍ॅसिडिटी, वर अ‍ॅसिडच देताय?" बाबांनी शेवटची तोफ डागली.

"काका, ते दूध तेवढं बंद करा."

पुढच्या रविवारी बाबा पेपर घेऊन खुर्चीत होते. बिनतेलाची भाजी जेवून आई चहा टाकायला उठली आणि माझं डोकंच फिरलं. तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन मी फणकारले, "दूध प्यायलीस की दुखणं वाढतं, हे तुला एकदाही कळलं नाही?"

"माका पयल्याच पेल्याक कळला होता गो," आई गॅस बारीक करत म्हणाली. "पण लगीन झाल्यापासून ह्यांनी माका कधी पाण्याचो पेलोसुद्धा हातात दिलो नव्हतो."

तिने पाकिटातून गोळी काढली, माठातलं पाणी घेतलं.

"आता गोळी काय," ती म्हणाली, "माझी मीच घेतंय."