पेशंटच्या विनंतीवरून

"सिस्टर, पाच नंबरचा बेड अकराच्या आत रिकामा पाहिजे."

आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साहेब डायलिसिस युनिटच्या दारात उभे होते. आत यायला चपला काढाव्या लागतात, म्हणून ते नेहमी दारातूनच हुकूम सोडत.

"पाच नंबरला तात्या आहेत, सर. त्यांचं बारा वाजता संपेल."

"मग पावणेअकराला संपवा. पाहुणे अकराला येतायत. फीत बरोबर पाच नंबरच्या समोर आहे."

हे मात्र खरं होतं. देणगीतून आलेली दोन नवी मशीनं पाच नंबरच्या शेजारी उभी होती. दोघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पुढ्यात समई. ऑक्सिजनच्या खोलीत समई पेटवायची नसते, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर विचारविनिमय होऊन समई राहिली आणि वाती काढण्यात आल्या.

ज्यांनी डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडन्या बंद पडल्या की लघवी जवळजवळ थांबते. प्यायलेलं पाणी अंगात साठत जातं. पाय सुजतात, पुढे ते फुप्फुसात उतरतं आणि माणसाला आडवं झालं की गुदमरतं. म्हणून हातात दोन जाड सुया घालून रक्त मशीनमधून फिरवायचं, घाण आणि जादा पाणी काढायचं, रक्त परत द्यायचं. याला चार तास लागतात. साडेतीन चालत नाहीत का? चालतात, भात अर्धा कच्चा खाल्लेला चालतो तसे.

तात्या लोणी काळभोरचे. गुलाबाची रोपं करून विकायचे. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येत, बुधवारी आणि शनिवारी. त्या शनिवारी बस हडपसरला अडकली आणि त्यांचं मशीन आठला सुरू झालं. तीन लिटर पाणी काढायचं होतं. पावणेअकराला दोन लिटर निघालं होतं.

आता लाजेचा पहिला भाग. मी साहेबांना घाबरले नव्हते. चौदा वर्षं युनिट सांभाळल्यावर नर्स साहेबांना घाबरत नाही, साहेबच तिचा सुट्टीचा अर्ज नाकारताना घाबरतात. पण त्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरी ओळ होती, 'युनिटच्या इन्चार्ज सिस्टरांचा सत्कार'. सत्कार, शाल, श्रीफळ या प्रकारांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. सत्कारमूर्तीच्या चेहऱ्यावरचा तो नम्र भाव घरी करून दाखवून नवऱ्याला हसवलं होतं. आणि त्या सकाळी मी युनिफॉर्मला स्टार्च करून आले होते.

मी पाच नंबरजवळ गेले.

"तात्या, आज जरा लवकर काढू या का?"

"का वो शिष्टर? पानी निगालं का समदं?"

"बहुतेक निघालंय. राहिलेलं बुधवारी काढू. पाहुणे येतायत ना."

"पाहुनं आमालाच बगाय येत्यात न्हवं? आन आमीच उठायचं व्हय?"

"त्यांना मशीन बघायचंय."

"हां. मशीनचं लगीन हाय म्हना. मंग आमी वऱ्हाडातच न्हाय."

शेजारचे पेशंट हसले, मीही हसले आणि मशीन बंद केलं.

वेळेआधी मशीन बंद केलं की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणांच्या चौकटी असतात. मशीन बिघडलं, रक्त गोठलं, बीपी उतरलं, पेशंटच्या विनंतीवरून. पाहुणे येणार अशी चौकट नव्हती. मी शेवटच्या चौकटीत खूण केली आणि फॉर्म तात्यांपुढे धरला.

"काय लिवलंय? चष्मा भायेर हिच्याकडं हाय."

"लवकर बंद केलं, एवढंच."

त्यांनी सही केली. डाव्या हातावर सुया काढलेल्या जागी कापूस दाबून बांधला होता, म्हणून फॉर्मचा कागद मी धरला होता. तो हललाही नाही.

पाहुणे एकला वीस मिनिटं कमी असताना आले. तात्यांचे चार तास पूर्ण होऊन, बेड आवरून, वर चहा प्यायला वेळ उरला असता. भाषणात पाहुण्यांनी 'रुग्ण हाच देव' असं तीनदा सांगितलं. देव तोपर्यंत लोणीच्या बसमध्ये होता. मला शाल मिळाली. फोटोत माझ्या चेहऱ्यावर तोच नम्र भाव आहे.

रविवारी दुपारी मला घरून बोलावून घेतलं. तात्या इमर्जन्सीत होते. बसल्या बसल्या धापा टाकत होते, ओठ निळसर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. पाणी फुप्फुसात उतरलं होतं. ताबडतोब डायलिसिस करायचं होतं. मी मशीन तयार करायला घेतलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी फाइल उघडली.

"बाबा, काल स्वतःच सांगून लवकर उठलात? चार तास बसायला काय होतं तुम्हाला? मरायचंय का?"

तात्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, ही बातमीच नवीन होती. त्या युनिटच्या बाहेर बसत, आत काय झालं ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"आत्ता गं बया! उठून आलता? आन मला म्हनला शिष्टरनीच सोडलं म्हनून. कसली घाई झालती तुमाला? रोपं पळून जानार हुती?"

तात्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. बोलायला दम नव्हता हे खरं. पण बोट तर दाखवता आलं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मशीनच्या नळ्या सलाइनने भरत होते. या कामाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी ती पूर्ण पंधरा मिनिटं मी मशीनवरून तोंड वळवलं नाही.

तात्या वाचले. तिसऱ्या दिवशी घरी गेले. मी मनाशी म्हटलं, झालं ते झालं, निभावलं.

पण ते निभावलं नव्हतं. नवी मशीनं आल्यामुळे काही पेशंटना आठवड्यातून दोनऐवजी तीनदा डायलिसिस देता येणार होतं. ज्यांच्या अंगात पाणी लवकर साठतं त्यांच्यासाठी तिसरी पाळी म्हणजे जीवच. तात्या त्यातले पहिले. किडनीच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना आम्ही मॅडम म्हणत असू, फाइली घेऊन निवड करायला बसल्या. मी शेजारी उभी होते.

तात्यांची फाइल त्यांनी उलटली आणि बाजूला ठेवली. "हे नकोत. हे मधेच उठून जातात. तिसरी पाळीही वाया घालवतील."

वाक्य छोटं होतं. ते खोडून काढायला माझंही वाक्य छोटंच पुरलं असतं. मी पुढची फाइल त्यांच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात यादी बोर्डावर लागली. बुधवारी तात्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"आमचं न्हाय व्हय नाव?"

"पुढच्या यादीत बघू, तात्या."

"बगा," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी सुया घातल्या.

त्यानंतरच्या शनिवारी कुसुमताई कागदात गुंडाळलेले गुलाब घेऊन आल्या. लाल, मोठाले, काटे काढलेले.

"शिष्टर, तुमचा सत्कार झाला म्हनं. भायेरच्या बोर्डावर फोटू बगितला. लई ब्येस दिसताय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "येक काम करा. आमच्या ह्यास्नी जरा दम द्या. चार तास गप बसा म्हनावं. माझं न्हाय आयकत, पन तुमाला मानत्यात."

मी गुलाब टेबलावर ठेवले आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले. काय झालं ते सगळं सांगितलं. शालीसकट.

मॅडम म्हणाल्या, "फाइल आणा."

त्यांनी खूण खोडली, शेजारी खरं कारण लिहिलं आणि माझी सही घेतली.

"निवड करताना तुम्ही इथेच उभ्या होतात, सिस्टर."

"हो, मॅडम."

"आता यादीतल्या चौघांना कळवलंय. त्यातल्या कुणाला मी काय सांगू? तुमची जागा काढली, कारण आमच्या सिस्टर पंधरवड्याने बोलल्या?"

तात्यांचं नाव पुढच्या जागेसाठी लागलं. ती जागा अडीच महिन्यांनी आली. मधल्या काळात ते आणखी एकदा धापा टाकत इमर्जन्सीत आले, तोही रविवारच होता. मला लेखी ताकीद मिळाली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "तोंडी सांगायचं ना हो, फाइलवर कशाला?"

मॅडमना सांगितलं त्याच दिवशी मी तात्यांनाही सांगितलं. कुसुमताईंना मुद्दाम आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हटलं, "ताई, ते उठले नव्हते. मी उठवलं. कागदावर खोटं मी लिहिलं."

कुसुमताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुलाबांकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या बाहेर गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मी तात्यांना विचारलं, "तुम्हाला रविवारीच कळलं होतं. डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"

तात्या मशीनच्या फिरत्या चाकाकडे बघत होते.

"शिष्टर, सुया कोन टोचतं?"

"मी."

"मंग? तुमच्याशी भांडून मी जानार कुटं?" ते रागाने म्हणाले नाहीत. रोपाला किती पाणी लागतं ते सांगावं, तसं सांगितलं. "सुई नीट टोचली तर दुकत न्हाय. वाकडी टोचली तर हात काळा पडतो. आमाला आटवड्यात दोनदा हात पुडं करायचाय. तवा गप बसनं परवडतं."

मी त्यांच्या हातात कधी मुद्दाम वाकडी सुई घातली असती का? नाही. पण हे मला माहीत होतं, त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. माझ्याबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते एका कागदावर होतं.

आता मी निवृत्त झाले आहे. नव्या नर्सेसना शिकवायला अधूनमधून बोलावतात. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी उत्साहाने सांगतं, "मॅडम, आमच्या युनिटमध्ये पेशंट एकदम समाधानी आहेत. कुणाचीच काही तक्रार नसते."

मी म्हणते, "नसणारच. त्यांना परवा परत यायचंय."