आईचा पाय, माझी सही

“गँगरीन आहे. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. गँगरीन म्हणजे रक्त पोचायचं थांबून तो भाग मरणं. आईची दोन बोटं काळी पडली होती आणि संसर्ग वर चढत होता. चपलेनं झालेली जखम तिनं हळद दाबून पंधरा दिवस लपवली होती. राग इतका आला की रडायचंही सुचेना.

संमतीपत्र समोर येताच मी सही ठोकली. मी अमरावतीला पोस्टात नोकरी करते. आई तेल्हाऱ्याला एकटी राहते. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, सगळ्यांच्या वतीनं मीच ठरवते. याचा मला अभिमानच होता.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच लागेल.”

पण आई सकाळीच नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती घाबरली आहे, तिला काय कळतं, तुम्ही वेळ घालवू नका, असं मी बरंच बोलले. आवाजही चढला माझा.

डॉक्टरांनी मला दोन जुने पेशंट सांगितले. एका आजोबांना मुलांनी नुसतं ड्रेसिंग आहे म्हणून पाय काढायला आत पाठवलं. ते जगले, पण मुलांशी पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या एक बाई नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांच्या मनाचा मान राखला आणि त्या गेल्या. नंतर कळलं, ऑपरेशनला भूल देतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

“का नाही, एवढं विचारायचं राहिलं माझ्याकडून,” ते म्हणाले. “तुमची आई या दोघांपैकी कोणासारखी आहे, की वेगळीच, हे इथं बसून कसं ठरवणार? आणि संध्याकाळच्या पुढे थांबताही येणार नाही.”

तेवढ्यात आईला डॉप्लरसाठी नेलं. रक्त कुठपर्यंत पोचतंय ते दाखवणारी ही तपासणी. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. वॉचमननं दोनदा बसायला सांगितलं, दोन्ही वेळा बसले आणि उठले. घड्याळात अडीच वाजले, मग पावणेतीन. ताप वाढतोय, असं नर्स सांगून गेली.

आई परत आली तेव्हा डॉक्टर तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. भूल कशी देतात, नकली पाय कधी बसवतात, नाही केलं तर जीव जाईल, सगळं सरळ सांगितलं. मग विचारलं, “तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?”

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “पायाचं काय जी, तो तं मेलाच हाय. पन तो गेला का हे पोरगी मले अमरावतीले नेईन. तिच्या फ्लॅटात मी मुकी होऊन जाईन.”

तिला भीती वाटत होती ती माझी.

“नाही नेणार,” मी म्हटलं.

“डाक्टरसमोर म्हन.”

पुन्हा म्हटलं. मग तिनं चष्मा मागितला, कागद पूर्ण वाचून घेतला आणि सही केली.

आता ती नकली पायावर, शेजारणीच्या मदतीनं, तेल्हाऱ्यातच राहते. तुमच्या घरी अशी वेळ आली तर आधी खाटेशी जा, बाहेर ठरवत बसू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण मी शहाणी झाले असं समजू नका. रोज सकाळी तिचा फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या महिन्यात ती न्हाणीत पडली आणि मला चार दिवसांनी सांगितलं. मी रजा टाकली, तिच्या कपड्यांसाठी मोठी बॅग घेतली आणि निघाले. ती दारातच कुबडी टेकून उभी होती.

“न्याले आली का भेटाले?”

“भेटायला,” मी म्हटलं. साफ खोटं होतं. चहा संपेपर्यंत मी ते खरं करून घेतलं.